पाठीतली सुई आणि मेरुरज्जूची तीन आवरणं: नाशिकमध्ये वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिझेरियन ठरलेली सून, हर्नियाच्या ऑपरेशनला आलेले सासरे, 'ताप डोक्यात गेलाय' म्हणून सुरगाण्याहून आणलेलं पोर. त्र्यंबक रोडचं सिव्हिल असो की गंगापूर रोडचा खासगी दवाखाना, डॉक्टरांनी 'पाठीत सुई द्यावी लागेल' म्हटलं की नातेवाइकांचा चेहरा उतरतो. मी शरीररचनाशास्त्र शिकवते, सुई देत नाही. तरी ओळखीपाळखीच्यांचे फोन मलाच येतात, आणि पहिल्या वर्षाची पोरंही वेगळ्या शब्दांत तेच विचारतात. माझ्या मते यातल्या बहुतेक प्रश्नांचं मूळ एकच आहे: मेरुरज्जू एका मणक्यावर संपतो आणि त्याच्याभोवतीची पिशवी त्याच्या बरीच खाली संपते, हे कुणी सांगितलेलंच नसतं. तुमच्या पेशंटचा निर्णय अर्थातच त्याला तपासणारे डॉक्टर घेतील. इथे फक्त आत काय आहे ते सांगते.

मेरुरज्जू म्हणजे पाठीचा कणाच ना?

नाही. कणा हाडांचा असतो. मणके एकावर एक रचले गेले की त्यांच्या मागच्या बाजूला एक सलग पोकळी तयार होते, तिच्यात मेरुरज्जू, म्हणजे मेंदूपासून खाली येणारी मज्जातंतूंची दोरी, असते. पुरुषांत त्याची लांबी साधारण ४५ सेंटिमीटर, स्त्रियांत दोन-तीन सेंटिमीटर कमी. जाडी जेमतेम एक-दीड सेंटिमीटर. त्यातून नसांच्या ३१ जोड्या निघतात.

मेरुरज्जूभोवती नेमकं काय काय असतं?

बाहेरून आत येऊ. मणक्याचं हाड आणि पहिलं आवरण (ड्यूरा) यांच्यामध्ये चरबी आणि शिरांचं जाळं असतं. ही एपिड्युरल जागा. कवटीत अशी जागा नसते, कारण तिथे ड्यूराचा बाहेरचा थर हाडाला चिकटलेला असतो. कण्यात ड्यूराचा एकच थर असतो आणि तो हाडापासून सुटा राहतो. कवटीच्या तळाशी जे मोठं भोक आहे त्याच्या कडेला ड्यूरा घट्ट जोडलेला असतो, म्हणून एपिड्युरलमध्ये दिलेलं औषध वर चढून कवटीत शिरत नाही.

पहिलं आवरण ड्यूरा मेटर. चिवट, पांढुरकं, कोलॅजनच्या तंतूंचं. चिवट म्हटलं की लोकांना जाडजूड वाटतं, पण कंबरेच्या भागात त्याची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर भरते. प्रत्येक नस बाहेर पडताना ड्यूराची एक बाही अंगावर घेऊन जाते आणि पुढे नसेच्या वेष्टणात मिसळून जाते. खाली ही पिशवी त्रिकास्थीच्या (कंबरेखालच्या त्रिकोणी हाडाच्या) दुसऱ्या मणक्यापाशी, म्हणजे एस-२ ला बंद होते.

दुसरं अ‍ॅरॅक्नॉइड मेटर. ड्यूराला आतून लगटलेलं, पारदर्शक, रक्तवाहिन्या नसलेलं. दिसायला इतकं नाजूक की डिसेक्शनच्या वेळी पोरं ते ड्यूराबरोबरच कापून मोकळी होतात. पण पाणी अडवून ठेवण्याचं काम याच थराचं. त्याच्या पेशी एकमेकींना घट्ट शिवल्यासारख्या असतात, त्यामुळे औषधालाही आत शिरताना खरा अडथळा याचाच होतो, जाड दिसणाऱ्या ड्यूराचा नव्हे.

तिसरं पाया मेटर. हे मेरुरज्जूच्या अंगाला थेट चिकटलेलं असतं, खाचाखोचांतून आत शिरतं आणि बारीक रक्तवाहिन्या सोबत नेतं. ते सुटं काढता येत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंनी दातेरी कडेच्या पट्ट्या निघतात आणि ड्यूराला जोडल्या जातात, त्यांच्याबद्दल शेवटी तोंडी परीक्षेच्या प्रश्नात सांगते. रज्जू संपतो तिथून पाया मेटरचाच एक धागा खाली जातो, फायलम टर्मिनाले. त्याची लांबी साधारण २० सेंटिमीटर: १५ पिशवीच्या आत, उरलेली ५ बाहेर, आणि शेवटी माकडहाडाला बांधलेला.

अ‍ॅरॅक्नॉइड आणि पाया यांच्यामधल्या जागेत पाणी खेळतं. डॉक्टर त्याला सीएसएफ म्हणतात.

सुई मेरुरज्जूला लागली तर पाय जातील का?

सुई देतात तिथे मेरुरज्जूच नसतो.

प्रौढ माणसात मेरुरज्जू कंबरेच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांच्या मधल्या चकतीच्या आसपास संपतो, एल-१ आणि एल-२ च्या मध्ये. पिशवी मात्र एस-२ पर्यंत जाते. मधल्या टप्प्यात फक्त पाणी आणि त्यात लोंबणाऱ्या नसांची मुळं असतात. या मुळांच्या जुडग्याला कॉडा इक्वायना म्हणतात. सुई एल-३ आणि एल-४ किंवा एल-४ आणि एल-५ यांच्यामधून घालतात. शेवयांच्या खिरीत चमचा घातला की शेवया बाजूला सरतात, तशी ही मुळं सुईच्या टोकाला वाट देतात. कधी एखाद्या मुळाला सुई घासली तर पायात क्षणभर झिणझिणी जाते. तसं झालं तर गप्प बसायचं नाही, डॉक्टरांना लगेच सांगायचं. ते सुईची दिशा बदलतात.

जागा कशी शोधतात? कंबरेवर दोन्ही हात ठेवले की बोटांखाली जी हाडाची कड लागते, तिच्या दोन्ही बाजूंच्या सर्वांत उंच बिंदूंना जोडणारी आडवी रेघ साधारण चौथ्या कंबर-मणक्यावरून जाते. हा अंदाज बोटांचा असतो. शरीर जाड असेल किंवा गरोदरपण असेल तर बोटं एखादा मणका चुकू शकतात, आणि काही मोजक्या लोकांत रज्जूही थोडा खाली उतरलेला असतो. म्हणूनच एल-२ आणि एल-३ मधली जागा सहसा टाळतात. थोडं चुकलं तरी सुई रज्जूपर्यंत जाऊ नये इतकी मोकळीक आधीच धरलेली असते. नसेला कायमची इजा होणं शक्य आहे, पण फारच दुर्मीळ.

रज्जू इतका आखूड का, हे विचारायचं कुणाला सुचत नाही, पण मला सांगायला आवडतं. गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात रज्जू आणि कणा सारख्याच लांबीचे असतात. पुढे हाडं भराभर वाढतात, रज्जू मागे पडतो. नसा मात्र आपापल्या मूळ भोकातूनच बाहेर पडत राहतात, म्हणून त्यांना लांबच लांब खाली ओढलं जावं लागतं. आज ज्या मोकळ्या जागेत सुई बिनधास्त जाते, ती या मागे पडण्यातून तयार झाली आहे.

मग तान्ह्या बाळाचं काय?

नवजात बाळात रज्जू एल-३ पर्यंत खाली असतो. म्हणून बाळाला सुई आणखी खाली देतात, एल-४ आणि एल-५ किंवा त्याच्याही खाली. बाळाची पिशवीही मोठ्यांपेक्षा एखाद-दुसरा मणका खाली संपते.

पाठीतलं पाणी येतं कुठून? काढलं तर कमी पडेल ना?

ते मेंदूच्या आतल्या पोकळ्यांमध्ये तयार होतं, मुख्यतः कोरॉइड प्लेक्सस नावाच्या रक्तवाहिन्यांच्या झुबक्यांतून. प्रौढाच्या शरीरात कोणत्याही क्षणी साधारण १५० मिलिलिटर असतं, आणि दिवसाला जवळपास ५०० मिलिलिटर नवं बनतं. म्हणजे सगळं पाणी दिवसातून तीन-चार वेळा बदलतं. तपासणीसाठी १० मिलिलिटरच्या आसपास काढतात. ताशी २० मिलिलिटरच्या वेगाने ते अर्ध्या तासात भरून निघतं. 'पाणी काढून अशक्तपणा आला' असं कुणी म्हणालं तर तो अशक्तपणा आजाराचा असतो.

सुई आत जाताना काय काय भेदते? खूप दुखतं का?

कातडी, खालची चरबी, मणक्यांच्या मागच्या काट्यांना जोडणारे दोन अस्थिबंध, मग पिवळसर जाड लिगामेंटम फ्लेव्हम, एपिड्युरल जागा, ड्यूरा आणि शेवटी अ‍ॅरॅक्नॉइड. पाया मेटर भेदायचं नसतं. ते रज्जूबरोबर वरच राहिलेलं असतं. बहुतेक मोठ्या माणसांत कातडीपासून एपिड्युरल जागेचं अंतर ४ ते ६ सेंटिमीटर.

सगळ्यात जास्त चुरचुरतं ते कातडी बधिर करायचं पहिलं इंजेक्शन. ड्यूराला भोक पडताना फारसं काही कळत नाही, आणि याला कारण आहे. ड्यूराच्या पुढच्या बाजूला, म्हणजे चकतीकडच्या अंगाला, दुखणं कळवणाऱ्या नसांचं दाट जाळं आहे. मागच्या बाजूला ते विरळ आहे, आणि सुई मागून येते. चकती सरकून पुढून दाबली गेली की माणूस कळवळतो तो याच पुढच्या जाळ्यामुळे.

पोक काढून बसायला किंवा कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपायला सांगतात ते मणक्यांच्या मधल्या फटी उघडाव्यात म्हणून. पेशंट जितका नीट वाकतो तितकी सुई पहिल्या प्रयत्नात जाण्याची शक्यता वाढते. घरच्यांनी धीर देण्याबरोबर हेही आधी समजावून सांगावं.

स्पायनल आणि एपिड्युरल यांत फरक काय? आमच्या वहिनींना एक दिलं, मला दुसरं.

फरक पिशवीच्या आत जाण्याचा की बाहेर थांबण्याचा. स्पायनलमध्ये सुई ड्यूरा आणि अ‍ॅरॅक्नॉइड पार करून पाण्यात जाते. औषध थेट पाण्यात मिसळतं आणि नसांच्या उघड्या मुळांना भिडतं, म्हणून दोन-तीन मिलिलिटर पुरतं आणि काही मिनिटांत कमरेखालचं अंग जड होतं. एकदा दिलं की दिलं. दोन-तीन तासांत उतरतं.

एपिड्युरलमध्ये ड्यूराच्या बाहेरच थांबायचं असतं. सुई जाड असते, आणि भूल देणारे डॉक्टर तिला सिरिंज लावून दट्ट्या दाबत दाबत पुढे जातात. लिगामेंटम फ्लेव्हममध्ये असेपर्यंत दट्ट्या हटत नाही. ते ओलांडलं की एकदम सैल पडतो. तिथून एक बारीक नळी आत सोडून सुई काढून घेतात. औषधाला चरबीतून, बाह्यांतून झिरपत जावं लागतं, म्हणून ते जास्त लागतं, १० ते २० मिलिलिटर, आणि वेळही जास्त घेतं. फायदा असा की नळीतून पुन्हा पुन्हा देता येतं. 'वेदनारहित प्रसूती' म्हणून नाशिकमध्येही ज्याची चौकशी होते ती हीच पद्धत.

वहिनींचं सिझेरियन असेल आणि तुमची नॉर्मल प्रसूती, तर दोघींना वेगळं दिलं यात काहीच नवल नाही.

दोन आवरणांच्या मध्ये खरंच मोकळी जागा असते का? पुस्तकात तीन जागा दिल्यात.

हा प्रश्न विद्यार्थ्यांचा, आणि मला सगळ्यात आवडता. पुस्तकातल्या आकृतीत एपिड्युरल, सबड्युरल आणि सबअ‍ॅरॅक्नॉइड अशा तीन जागा सारख्याच ठळक काढलेल्या असतात. डिसेक्शन टेबलावरही ड्यूरा उचलला की खाली अ‍ॅरॅक्नॉइड सुटं पडलेलं दिसतं आणि पोरांची खात्री पटते. पण टेबलावरचा देह जिवंत माणसासारखा नसतो. पाणी केव्हाच ओसरलेलं असतं, त्यामुळे आतून मिळणारा दाब गेलेला असतो आणि अ‍ॅरॅक्नॉइड ड्यूरापासून गळून पडतं. जिवंतपणी पाण्याचा दाब त्याला ड्यूरावर चेपून धरतो. म्हणजे सबड्युरल ही तयार जागा नाही. ड्यूराच्या सर्वांत आतल्या, सैल बांधणीच्या पेशी फाटल्या तरच ती बनते, रक्त साठल्यावर किंवा सुई चुकून तिथे औषध सोडल्यावर. एपिड्युरल शिरांचंही तेच: टेबलावर चपट्या, रिकाम्या दिसतात, जिवंत माणसात, त्यातही गरोदर बाईत, चांगल्या टरारलेल्या असतात.

स्पायनलनंतर डोकं भयंकर दुखतं म्हणतात. २४ तास उशी न घेता झोपलं तर टळतं का?

डोकं दुखू शकतं हे खरं. सुई काढल्यावर ड्यूरा आणि अ‍ॅरॅक्नॉइडला पडलेलं भोक लगेच बुजलं नाही तर पाणी एपिड्युरल जागेत झिरपत राहतं. उभं राहिलं की मेंदूला खालून मिळणारा पाण्याचा आधार कमी पडतो, त्याची आवरणं ताणली जातात, शिरा फुगतात आणि डोकं ठणकतं. आडवं पडलं की पाच-दहा मिनिटांत उतरतं. बसलं की दुखतं, झोपलं की थांबतं, ही त्याची खूण. बहुधा पहिल्या पाच दिवसांत सुरू होतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जातं. तरुण बायकांत जास्त आढळतं.

या दुखण्याचा इतिहास स्पायनल भुलेइतकाच जुना आहे. कंबरेतून सुईने पाणी काढण्याची पद्धत हाइनरिश क्विंके यांनी १८९१ मध्ये जर्मनीतल्या कील शहरात रूढ केली. त्याच शहरात १८९८ मध्ये ऑगस्ट बीर यांनी त्या वाटेने कोकेन देऊन पाय बधिर केले, आणि स्वतःवरही प्रयोग करून घेतला. नंतर ते स्वतःच डोकेदुखीने अंथरुणाला खिळले, आणि कारण म्हणून त्यांनी पाण्याच्या गळतीचाच अंदाज बांधला.

तेव्हाच्या सुया जाड होत्या. आता २५ किंवा २७ गेजच्या बारीक, पेन्सिलीसारख्या टोकाच्या सुया वापरल्या तर हा त्रास शंभरात एखाद्यालाच होतो. हे टोक तंतू कापण्यापेक्षा बाजूला सारतं.

उशीचं म्हणाल तर, नुसतं सपाट झोपवून ठेवल्याने ही डोकेदुखी टळत नाही. झोपलेलं असेपर्यंत ती जाणवत नाही, इतकंच. आपल्याकडे 'उशी दिली म्हणून डोकं धरलं' असा ठपका बाळंतिणीच्या आईवर येतो, तो बिनबुडाचा आहे. दुखणं सुरू झालं असेल तर आराम, पुरेसं पाणी, डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामकं, आणि चहा-कॉफीतल्या कॅफीनचाही थोडा उपयोग होतो. फारच असह्य असेल तर पेशंटचंच १५ ते २० मिलिलिटर रक्त काढून एपिड्युरल जागेत सोडतात, म्हणजे भोकावर गुठळीचं ठिगळ बसतं. बऱ्याच जणांना त्यानंतर काही वेळातच उठून बसता येतं.

आडवं पडूनही डोकं थांबत नसेल, ताप असेल, मान अवघडली असेल, एकाचे दोन दिसत असतील किंवा झटका आला असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका.

सिझेरियनच्या त्या इंजेक्शनपासूनच माझी कंबर गेली. खरं आहे का?

नाशिकमध्ये दर दुसऱ्या घरात हे ऐकायला मिळतं. सुईच्या जागी दोन-चार दिवस ठणकतं, कारण अस्थिबंधातून सुई गेलेली असते. पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या सुईची नसते. स्पायनल न घेता नॉर्मल बाळंतपण झालेल्या बायकांचीही कंबर तितकीच दुखते. गरोदरपणात संप्रेरकांमुळे अस्थिबंध सैल होतात, पोटाचे स्नायू ताणून कमजोर होतात, आणि नंतर बाळ कडेवर, पाजताना तासन्‌तास वाकून बसणं, बादल्या उचलणं. ड्यूराचं भोक कधीच बुजलेलं असतं. डिंकाचे लाडू खुशाल खावेत, पण पोटाचे आणि पाठीचे व्यायाम कुणी शिकवत नाही याचं मला जास्त वाईट वाटतं.

'पाठीतलं पाणी काढलं की पेशंट वाचत नाही' असं गावाकडचे सांगतात. सही करावी का?

या समजामुळे जितकं नुकसान होतं तितकं सुईने कधी होत नसेल. पाणी काढायची वेळ येते ती मुळात अत्यवस्थ पेशंटवर. त्यातले काही आजाराने दगावतात, आणि गावात निरोप पोचतो तो सुईचा.

मेंदूज्वरात आवरणांना सूज येते, विशेषतः अ‍ॅरॅक्नॉइड आणि पाया यांना, आणि मधलं पाणी बिघडतं. मेंदूभोवतीचं आणि कंबरेतलं पाणी एकाच पोकळीत आहे, म्हणून डोक्याला हात न लावता कंबरेतून त्याची खबर मिळते. निरोगी पाणी स्वच्छ, नितळ असतं. त्यात एका घन मिलिमीटरमध्ये पाचापेक्षा जास्त पेशी नसतात, प्रथिनं दर १०० मिलिलिटरला १५ ते ४५ मिलिग्रॅम, आणि साखर रक्तातल्या साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश. म्हणूनच त्याच वेळी बोटातून किंवा हातातून रक्तही घेतात. पू करणाऱ्या जंतूंनी पाणी गढूळ होतं आणि साखर घसरते. क्षयाच्या मेंदूज्वरात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढतात, प्रथिनं खूप चढतात, साखर उतरते, आणि नळी थोडा वेळ स्थिर ठेवली तर वर जाळीदार साय धरते. क्षयासाठी नमुना सीबीनॅटला (क्षयाच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या तपासणीला) पाठवतात, मात्र तिथे 'निगेटिव्ह' आलं म्हणून क्षय नाहीच असं ठरत नाही.

क्षयाचा मेंदूज्वर हळू चढतो. आठवडा-दोन आठवडे बारीक ताप, डोकेदुखी, उलट्या, पोर चिडचिडं होणं, मोठ्या माणसाचं वागणं बदलणं. बाहेरची बाधा म्हणून त्यात वेळ जातो आणि दवाखान्यात येईपर्यंत शुद्ध हरपायला लागलेली असते. उपचारांना बहुधा वर्ष लागतं, पण ते लवकर सुरू झाले तर माणूस चालत घरी जातो.

डॉक्टर स्वतःच सुई पुढे ढकलतात ते काही ठरावीक परिस्थितीत: मेंदूत गाठ किंवा मोठी सूज असल्याची शंका (तेव्हा आधी सीटी स्कॅन), प्लेटलेट फार कमी असणं, किंवा सुईच्या जागेवर कातडीला संसर्ग. त्यांनी हे तपासून सही मागितली असेल तर 'मामा सकाळी पिंपळगावहून आल्यावर विचारून सांगतो' असं करू नका. पू करणाऱ्या मेंदूज्वरात तासांचा हिशेब असतो.

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'थीकल सॅक इंडेंटेशन' लिहिलंय. ऑपरेशन लागेल का?

थीकल सॅक म्हणजे ड्यूरा आणि अ‍ॅरॅक्नॉइडची तीच पिशवी. पुढच्या बाजूने चकती थोडी फुगली की पिशवीला खळगा पडतो, एवढंच त्या शब्दांत सांगितलेलं असतं. आत पाणी आहे, मुळांना हलायला जागा आहे. चाळिशी-पन्नाशीत कंबर न दुखणाऱ्यांच्या एमआरआयमध्येही असे खळगे सापडतात. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवण्यापेक्षा तो घेऊन तपासायला जा, कारण निर्णय फोटोवर होत नाही. पायातली ताकद, संवेदना आणि प्रतिक्षिप्त क्रिया पाहून होतो.

एक अपवाद मात्र घट्ट लक्षात ठेवा. लघवी अडणे किंवा कळेनाशी होणे, बसायच्या जागेला बधिरपणा, दोन्ही पायांत कमजोरी. ही कॉडा इक्वायना दबल्याची लक्षणं आहेत आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा असतो.

रिपोर्टमध्ये 'टार्लोव्ह सिस्ट' असेल तर ती त्रिकास्थीतल्या नसेच्या बाहीत साठलेल्या पाण्याची फुगी. बहुतेक वेळा योगायोगाने दिसते आणि तिचं काही करावं लागत नाही.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत. सांगायला हव्यात का?

हो, पहिल्यांदा तेच सांगा. एपिड्युरल जागेतल्या शिरांतून रक्त साठलं तर हाडाच्या बंद पोकळीत ते बाहेर सरकू शकत नाही आणि नसा दाबते. कोणती गोळी किती दिवस आधी थांबवायची हे औषधागणिक बदलतं. स्वतःच्या मनाने बंद करू नका, हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ यांना ठरवू द्या.

मणक्याचा टीबी आवरणांच्या आत शिरतो का?

सहसा नाही, आणि यात ड्यूराचा मोठा वाटा आहे. मणक्याच्या क्षयात पू एपिड्युरल जागेत साठतो आणि पिशवीला बाहेरून दाबतो. पाय लुळे पडतात ते बऱ्याचदा या दाबामुळे, रज्जू आतून कुजल्यामुळे नव्हे. म्हणून औषधांनी, कधी ऑपरेशनने दाब हटला की पाय पुन्हा चालायला लागलेले पेशंट दिसतात.

बाळाच्या पाठीवर जन्मतःच पिशवी आहे. हे कशामुळे?

गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मेरुरज्जूची नळी बंद व्हायला हवी. ती किंवा तिच्यावरच्या मणक्याच्या कमानी नीट बंद झाल्या नाहीत तर आवरणं बाहेर फुगतात. पिशवीत फक्त आवरणं आणि पाणी असेल तर मेनिंगोसील. रज्जूही बाहेर आला असेल तर मायलोमेनिंगोसील, ज्यात पाय आणि लघवीवर परिणाम होतो. बाळाला लवकरात लवकर न्यूरोसर्जनना दाखवा, पिशवीवर कसलाही लेप लावू नका. बाहेर पिशवी नसून कंबरेवर केसांचा झुपका किंवा खोल खळगा असेल तरी दाखवावं, कारण आत रज्जू खाली बांधला गेलेला असू शकतो.

ग्रहणात सुई-कात्री धरल्याने हे होत नाही. फॉलिक अ‍ॅसिड मात्र ते बऱ्याच अंशी टाळतं: रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि दिवस राहण्याच्या आधीपासून. दिवस राहिल्याची खात्री होऊन गोळ्या सुरू होईपर्यंत ते २८ दिवस बहुधा उलटलेले असतात. आधीचं बाळ असं झालं असेल तर मात्रा दसपट लागते, ती डॉक्टरांकडूनच घ्या.

मॅडम, व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) या धड्यातलं काय विचारतात?

म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ पेपर काढतं म्हणून नाशिकच्या पोरांना आतली खबर असते असा राज्यभर समज आहे. तशी काही नसते. विचारतात ते ठरलेलं: रज्जू कुठे संपतो, पिशवी कुठे, सुई कुठे, थर कोणते.

अडकतात ते डेंटिक्युलेट लिगामेंटवर, म्हणजे वर सांगितलेल्या त्या दातेरी पट्टीवर. ते पाया मेटरचं आहे, ड्यूराचं नाही. दोन्ही बाजूंना २१ दाते, पुढच्या आणि मागच्या मुळांच्या मधोमध, रज्जूला पाण्यात दोन्हीकडून ताणून मध्यावर धरणारे. शेवटचा दाता छातीच्या बाराव्या आणि कंबरेच्या पहिल्या नसेच्या मध्ये. शल्यचिकित्सकाला पुढचं मूळ कोणतं, मागचं कोणतं हे याच पट्टीवरून कळतं. हे सांगितलंत तर परीक्षक पुढे मेनिंजिओमाकडे वळतात: हा आवरणांचा ट्यूमर ड्यूराला चिकटलेला सापडतो, पण उगवतो अ‍ॅरॅक्नॉइडच्या पेशींतून, आणि कण्यात बहुधा छातीच्या पातळीवर, मध्यमवयीन बायकांत.

मेंदूज्वराच्या लसी आहेत का?

सगळ्या प्रकारांवर नाहीत, पण काहींवर आहेत आणि सरकारी लसीकरणात फुकट आहेत. जन्मल्यावरची बीसीजी लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून बऱ्यापैकी वाचवते. ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंटमध्ये हिब (हिमोफिलस नावाच्या जंतूवरची लस) असतं. न्यूमोकोकलची पीसीव्ही ६ आणि १४ आठवड्यांना आणि ९ महिन्यांना. मेनिंगोकोकलची लस या यादीत नाही. मालेगाव किंवा जुन्या नाशकातून हजला जाणाऱ्यांना मात्र ती सक्तीची असते: ए, सी, डब्ल्यू आणि वाय या चार प्रकारांवरची, आणि सौदीत पोचण्याच्या किमान १० दिवस आधी घेतलेली.